मलम नेमकं किती लावायचं?

रानजाई | सोमवार, रात्री १०.५२

लेक साडेचार वर्षांची. सहा महिन्यांची असल्यापासून इसब आहे. आधी गालांवर होता, आता कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यामागच्या लवणीत. आम्ही नाशिकला. थंडी पडली की रात्रभर खाजवते, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके.

चार वर्षांत तीन डॉक्टर झाले. तिघांनीही साधारण तेच लिहून दिलं. एक मॉइश्चरायझर, एक स्टिरॉइडचं मलम, झोप लागावी म्हणून सिरप. चिठ्ठीवर 'दिवसातून दोनदा, थोडंसं'. आता हे थोडंसं म्हणजे किती? मी मोहरीच्या दाण्याएवढं बोटावर घेऊन दोन्ही पायांना पुरवायचे. सासूबाईंनी कुठेतरी ऐकलंय की स्टिरॉइडनं हाडं ठिसूळ होतात, त्यामुळे त्या समोर असल्या की अर्धी मोहरी.

गेल्या आठवड्यात चौथ्या डॉक्टरबाईंकडे गेलो. ट्यूब हातात घेऊन म्हणाल्या, ही कधी आणलीत? मी जरा कौतुकानंच सांगितलं, गेल्या दिवाळीत. पंधरा ग्रॅमची ट्यूब वर्षभर पुरवली म्हणून शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मग औषध लावलंत कधी?" मॉइश्चरायझरची शंभर ग्रॅमची बाटली दोन महिने जाते हे ऐकून तर त्यांनी कपाळाला हात लावला. पण बाहेर चाळीस माणसं बसलेली, नीट काही विचारता आलं नाही.

तुम्ही कसं मोजता?

पावशेर | सोमवार, रात्री ११.१५

दोन महिन्यांत शंभर ग्रॅम म्हणजे आमच्या हिशेबानं उधळपट्टी. आमच्याकडे व्हॅसलीनची एक डबी माझ्या मुंजीपासून आहे.

कातडीबचाऊ | सोमवार, रात्री ११.४८

पावशेर, ती डबी टाकून द्या आधी.

रानजाई, मी त्वचारोगांचा डॉक्टर आहे. मुलीला पाहिलेलं नाही, त्यामुळे कोणतं मलम हे सांगणार नाही. किती हे मात्र सांगतो, कारण तुमच्या डॉक्टरबाईंनी कपाळाला लावला तो हात मी रोज लावतो.

आपल्याकडे माप आधीपासून आहे, पेर. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत ट्यूबमधून मलमाची सरळ वळी काढायची. हे झालं पेरभर. साधारण अर्धा ग्रॅम भरतं. लाँग आणि फिनले या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी १९९१ मध्ये हे माप नीट मोजून मांडलं. पेरभर मलम मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला (बोटं धरून) पुरतं. म्हणजे मुलीच्या चट्ट्यांवर तुमचा हात ठेवून पाहा. दोन हातांत चट्टे झाकले जात असतील तर एक पेर, चार हात लागले तर दोन. तीन ते पाच वर्षांच्या मुलाचा एक अख्खा पाय पावलासकट धरला तर तीन पेरं लागतात, अख्खा हात दोन. तिच्या लवणी आणि कोपरं मिळून बहुधा एखादं पेर होईल. पेर तुमचं मोजायचं, तिचं नाही.

पंधरा ग्रॅमच्या ट्यूबमध्ये तीस पेरं असतात. आता बघा वर्षभराचा हिशेब.

रानजाई | मंगळवार, सकाळी ७.०५

म्हणजे वर्षभरात तीस वेळा लावल्यासारखं! आणि मी तर रोज दोनदा लावतेय असं समजत होते.

पण सासूबाईंचा मुद्दा? हाडांचं काय?

कातडीबचाऊ | मंगळवार, दुपारी २.२०

तो मुद्दा खोटा नाही, फक्त पत्ता चुकलाय. महिनोन्महिने पोटात घेतलेल्या स्टिरॉइडनं हाडं ठिसूळ होतात. कातडीवरच्या मलमाला ते सरसकट लागू नाही, पण 'लावायचं मलम, त्याला काय होतंय' असंही नाही.

स्टिरॉइड मलमांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एका टोकाला हायड्रोकॉर्टिसोन, १९५२ पासून वापरात आहे, सौम्य. मध्ये क्लोबेटासोन, त्याच्या वर मोमेटासोन, बीटामेथासोन. आणि पार वरच्या टोकाला क्लोबेटासॉल, जे हायड्रोकॉर्टिसोनच्या सुमारे सहाशे पट जोरकस धरतात. क्लोबेटासोन आणि क्लोबेटासॉल ही नावं इतकी सारखी की गल्ल्यावर गफलत होऊ शकते, चिठ्ठी समोर धरून ताडून घ्या.

दुसरी गोष्ट, जागा. हाताच्या आतल्या बाजूला जेवढं औषध आत मुरतं त्याला एक धरलं, तर कपाळावर सहा पट मुरतं, जबड्यावर तेरा पट, अंडकोषाच्या कातडीत बेचाळीस पट, आणि तळपायाला जेमतेम सातवा हिस्सा. १९६७ मध्ये हे मोजलं गेलंय. म्हणून तळपायाला चालणारं मलम चेहऱ्याला चालत नाही.

इसबाला योग्य जोराचं मलम, पेरानं मोजून, चट्टा सपाट होईपर्यंत लावायचं आणि मग थांबवायचं. भीतभीत मोहरीएवढं लावलं की चट्टा अर्धवट दबतो, पुन्हा उठतो, आणि शेवटी एकूण स्टिरॉइड जास्तच जातं. पुष्कळ मलमं दिवसातून एकदाही पुरतात. वरचेवर उठत असेल तर बरं झाल्यावरही आठवड्यातून दोन दिवस त्याच जागांवर लावायची पद्धत आहे, ते डॉक्टरांना विचारा. चेहऱ्याला, पापण्यांना टॅक्रोलिमससारखं बिनस्टिरॉइडचं मलमही असतं. लहान मुलांना ०.०३ टक्क्यांचं. पहिले काही दिवस चुरचुरतं, म्हणून लोक दुसऱ्याच दिवशी कचऱ्यात टाकतात.

पावशेर | मंगळवार, दुपारी २.३१

बेचाळीस पट?! हे मोजायला तयार झालेला मनुष्य कोण होता, त्याचा पुतळा कुठे आहे?

गल्ल्यावरचा | मंगळवार, रात्री ९.४०

माझं औषधांचं दुकान आहे, जालना जिल्ह्यात. बावीस वर्षं झाली. डॉक्टर इसबाबद्दल बोलतायत, मी नायट्याबद्दल बोलतो, कारण माझ्या गल्ल्यावर इसब कमी आणि नायटा, गजकर्ण जास्त.

माणूस येतो, रिकामी ट्यूब काउंटरवर ठेवतो, म्हणतो 'हेच द्या'. नाव सांगत नाही, चिठ्ठी नाही. ट्यूब कुणाची तर मेव्हण्याची. आत काय असतं? बुरशीचं औषध, जंतूंचं औषध, आणि त्यात क्लोबेटासॉल. तीन-चार औषधांची मिसळ एका नळीत. लावलं की दोन दिवसांत खाज बंद. पंधरा दिवसांत दुप्पट जागेवर परत. मग माणूस पुन्हा येतो, 'लागू पडत होतं, आणखी द्या'.

मीही दिल्यात. खोटं कशाला बोलू. पूर्वी लावायच्या स्टिरॉइडला चिठ्ठीच्या नियमातून सूट होती, २०१८ साली सरकारनं चौदा स्टिरॉइड मलमांची ती सूट काढली. कागदावर तेव्हापासून चिठ्ठीशिवाय देता येत नाही. पण मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक चार दुकानं पुढे जातं, हेही खरं. गेली काही वर्षं मी एवढंच करतो की ट्यूबवरची बारीक अक्षरं गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि बुरशीचं साधं मलम पुढे करतो. दहातले तीन घेतात.

शेवगा | मंगळवार, रात्री १०.१०

गल्ल्यावरचा, तुमचं गिऱ्हाईक म्हणजे माझा नवरा.

जांघेत नायटा झाला. सोसायटीतल्या मित्रानं ट्यूब दिली. लाजेपोटी मला आठ महिने सांगितलं नाही. कळलं तेव्हा कमरेपासून मांडीपर्यंत चकत्यांच्या आत चकत्या, आणि जांघेत बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे लाल-जांभळे व्रण. डॉक्टर म्हणाले नायटा जाईल, हे व्रण जाणार नाहीत. कातडी विरलीय. ऐकून हा तिथेच गप्प बसला.

पण खरी गंमत पुढे. डॉक्टरांनी विचारलं, कमरेला काय बांधलंय? करगोटा. लहानपणापासूनचा काळा दोरा. आंघोळीनंतर तो कधी वाळतच नाही, बुरशी त्यात घर करून राहते, म्हणाले काढून टाका. घरी आल्यावर जे रामायण झालं! सासूबाईंच्या मते करगोटा सोडणं म्हणजे अपशकुन. शेवटी चांदीच्या साखळीवर तह झाला. तीही रोज काढून, पुसून, कोरडी करून घालायची.

मग कळलं, सासऱ्यांनाही आहे आणि धाकट्या मुलालाही. सगळे एकच टॉवेल वापरत होते ना. सगळ्यांचं औषध एकदम सुरू केलं. टॉवेल वेगळे, कपडे उलटे करून उन्हात, आतले कपडे सैल आणि सुती, जीन्स बंद. दोन महिने लागले. गोळ्याही घ्याव्या लागल्या.

कातडीबचाऊ | बुधवार, दुपारी १.५५

शेवगा, तुमची पोस्ट छापून दवाखान्यात लावावी असं वाटतंय.

स्टिरॉइड बुरशीला मारत नाही. कातडीचा जो दाह होतो, लाली, खाज, तो फक्त दाबतं. घरात चोर शिरलाय आणि आपण कुत्र्याचं तोंड बांधलं, असा प्रकार. वरून शांत दिसतं, खाली बुरशी पसरते. गोल कडा पुसट होते, मग आम्हालाही ओळखायला जड जातं, खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. त्यात आता आपल्याकडे ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी फोफावलीय, २०२० मध्ये तिला हे वेगळं नाव मिळालं. टर्बिनाफिन या आजवरच्या भरवशाच्या औषधाला ती बऱ्याचदा दाद देत नाही. म्हणून पूर्वी पंधरा दिवसांत जाणारा नायटा आता दोन-दोन महिने घेतो.

साधं बुरशीचं मलम लावताना चकतीच्या कडेबाहेर दोन बोटं रुंदीपर्यंत लावायचं, बुरशी कडेलाच जिवंत असते. आणि दिसेनासं झाल्यावरही निदान पंधरा दिवस चालू ठेवायचं. आमच्या शिकण्याच्या काळात सरकारी दवाखान्यात व्हिटफील्डचं मलम असायचं, सहा टक्के बेंझोइक अ‍ॅसिड, तीन टक्के सॅलिसिलिक. जुनं, स्वस्त, कातडी सोलून काढणारं. नाजूक जागी आग आग करतं, पण हातापायाच्या जाड कातडीवर आजही वाईट नाही.

निंबोणी | बुधवार, दुपारी ४.३०

इतकी रसायनं अंगाला फासण्यापेक्षा कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं आंघोळ, आणि खोबरेल तेल. आमच्या आजीनं आठ मुलं वाढवली, कुणाला इसब नव्हता. बाळाला रोज मालिश, मग डाळीचं पीठ आणि साय लावून आंघोळ. कातडी कशी लोण्यासारखी!

लीड्सकर | बुधवार, सायंकाळी ६.१२

निंबोणी, आठांपैकी एकालाही नव्हता हे आजीचं नशीब. माझ्या मुलाला आहे, आणि खोबरेलच्या बरण्या सामानात भरून आणूनही गेला नाही.

इथे इंग्लंडमध्ये पहिल्या भेटीत अर्ध्या किलोचा पंप दिला. मला वाटलं चुकून दिला. नर्स म्हणाली, सगळ्या अंगावर इसब असेल तर लहान मुलाला आठवड्याला अडीचशे ते पाचशे ग्रॅम लागतं, संपला की परत ये. तिनं स्वतः लावून दाखवलं, चोळायचं नाही, केसांच्या दिशेनं वरून खाली, पातळ लेप राहील असं. चोळलं की केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. आणि बरणी असेल तर बोट घालायचं नाही, स्वच्छ चमच्यानं काढायचं, नाहीतर नखातले जंतू बरणीत जातात आणि रोज तेच अंगाला.

एक गोष्ट भारतात कुणी सांगताना ऐकली नाही म्हणून मुद्दाम. इथल्या पंपावर आगीची सूचना असते. क्रीम स्वतः पेटत नाही, पण कपड्यात, चादरीत मुरलं की तो कपडा वातीसारखा पेटतो आणि झपाट्यानं जळतो. धुऊनही पूर्ण निघत नाही. आधी फक्त व्हॅसलीनसारख्या पॅराफिनवाल्यांबद्दल म्हणायचे, २०१८ मध्ये सगळ्याच मॉइश्चरायझरना ही सूचना लागू केली. घरात सिगारेट, मेणबत्ती असेल तर जपा म्हणतात. आपल्याकडे तर गॅस, निरांजन, समई सगळंच.

रानजाई | बुधवार, रात्री ९.००

बाप रे. सासरे बिडी ओढतात, आणि नात त्यांच्याच मांडीवर बसून व्हॅसलीनमाखल्या फ्रॉकनं गोष्ट ऐकते. आज रात्रीच बोलते.

निंबोणी म्हणतात तसं तेल आम्हीही लावतो हो. रविवारी तेल, मग डाळीचं पीठ.

कातडीबचाऊ | बुधवार, रात्री ११.२०

निंबोणी, खोबरेलाचा मी शत्रू नाही. कोरड्या कातडीला खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना फिलिपिन्समध्ये २००४ साली केली होती, दोन्ही सारखीच निघाली. अभ्यास छोटा होता, चौतीस माणसं, पण आमच्या अनुभवाशी जुळतो. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल मात्र लहान मुलांच्या कातडीला नको, ती कातडीची वरची वीण सैल करतात असं दिसलंय. कोंडा असेल तर डोक्याला तेल थापू नका. कोंड्याची बुरशी तेलातल्या आम्लांवरच पोसते. केटोकोनॅझोलचा शाम्पू फेस करून पाच मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा, आठवड्यातून दोनदा. लोक लावतात आणि लगेच धुतात, मग म्हणतात गुण नाही.

घोळ तेलात नाही, क्रमात आहे. आपण आधी तेल लावतो, मग पीठ-साबण लावून तेच तेल खरवडून काढतो. इसबाच्या मुलाला उलटं करायचं. कोमट पाण्यानं आंघोळ, पाच-दहा मिनिटं, साबण जेमतेम. टॉवेलनं टिपून घ्यायचं, घासायचं नाही. अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, भरपूर मॉइश्चरायझर. पाणी आत कोंडायचं असतं, सगळी युक्ती तेवढीच.

शेणानं सारवलेली जमीन बघितलीय ना? चार दिवस सारवलं नाही की पोपडे निघतात, भेगा पडतात, धूळ आत जाते. यातल्या काही मुलांमध्ये फिलॅग्रिन नावाचं प्रथिन जन्मतःच कमी असतं, त्यांची जमीन मुळातच भुसभुशीत. त्यांना रोज सारवण लागतं, दोनदा लागतं, आणि चट्टा नसतानाही लागतं. स्टिरॉइड म्हणजे डागडुजी, मॉइश्चरायझर म्हणजे सारवण. आधी कोणतं लावायचं यावर आम्ही डॉक्टरही भांडतो. दोन्हींत वीस-तीस मिनिटांचं अंतर ठेवा, भांडण मिटलं.

कडुनिंबाच्या पाण्यानं फार काही बिघडत नाही, पण सोललेल्या कातडीवर पाला चोळू नका. हळदही नको. आणि कुठल्याही मलमात 'वेगळं काहीतरी' मिसळून डबीत भरून देणाऱ्यापासून दूर राहा, मग तो कुणीही असो. बिनलेबलाच्या डबीत स्टिरॉइड निघतं.

रानजाई | गुरुवार, सकाळी ६.४०

थांबा. दर वर्षी दिवाळीनंतर हिचा इसब उठतो. आम्ही थंडीला बोल लावायचो. नरकचतुर्दशीला पहाटे तेल, मग उटणं घासघासून, तेही कडकडीत पाण्यानं...

पावशेर | गुरुवार, सकाळी ८.०२

नरकासुर सुटला, थंडी पकडली गेली.

भिरंड | गुरुवार, सकाळी ११.३०

खोबरेलाचा विषय निघाला आणि मुठेलाचा नाही? मी मालवणकडची. आमच्याकडे कोकमाच्या बिया फेकत नाहीत. वाळवून, कुटून, पाण्यात उकळायच्या, वर जो स्निग्ध थर येतो तो गार होताना मुठीत वळून गोळा करायचा, म्हणून मुठेल. गोव्यात भिरंडेल म्हणतात. पांढरट पिवळा, दगडासारखा कडक, चाळीस अंशांच्या आसपास वितळतो, त्यामुळे हातात धरूनही लवकर पातळ होत नाही. शेतात भातलावणी करून बायकांच्या टाचा फुटायच्या, आजी पळीत मुठेल पातळ करून गरम गरम थेंब भेगेत सोडायची. 'स्स्स' व्हायचं. दोन दिवसांत भेग मऊ. पुण्यात आल्यावर वीस प्रकारच्या क्रीम वापरल्या, अजून आईकडून गोळा मागवते.

बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या तरी आजी मुठेलच लावायची, त्यानं मात्र कधी फरक पडला नाही.

कातडीबचाऊ | गुरुवार, दुपारी ३.१५

आजीला टाचेचं बरोबर कळलं होतं. चिखल्या म्हणजे ओल आणि बुरशी, तिथे वर तेलाचं झाकण घातलं की ओल आतच. तिथे कोरडं ठेवायचं, बेचक्यात कापूस किंवा कापडाची घडी, आणि बुरशीचं मलम.

मुठेल टाचेला छान. पण टाच लाकडासारखी जाड झाली असेल तर नुसतं तेल आत जात नाही. आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय, मग दहा ते वीस टक्के युरियाचं क्रीम, वर मुठेल किंवा व्हॅसलीन, आणि सुती मोजे घालून झोपायचं. आठवडाभर करून बघा. मधुमेह असेल तर गरम थेंब अजिबात नको. पायाची संवेदना कमी झालेली असते, चटका कळत नाही, सकाळी फोड दिसतो. त्यांनी ब्लेडनं टाच तासायची नाही आणि सॅलिसिलिकवाली मलमंही स्वतःच्या मनानं लावायची नाहीत.

काळी माती | गुरुवार, रात्री ८.४४

मी शेतकरी, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) बाजूचा. वडिलांना दर पावसाळ्यात चेहरा, मान, पापण्या, कोपराचे खळगे, सगळं लाल होऊन खाज. सहा वर्षं इसब म्हणून मलमं लावली. चेहऱ्यावरही तीच जोरकस ट्यूब, कातडी पातळ होऊन शिरा दिसायला लागल्या. शेवटी पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी केली तेव्हा निघालं गाजर गवत. बांधावर कंबरेएवढं वाढतं, फुलोरा आला की वाऱ्यानं उडून अंगाला लागतं. पन्नासच्या दशकात अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं म्हणतात, पुण्याजवळ पहिल्यांदा दिसलं. आता ते गवत फुलायच्या आधी आम्ही उपटतो, तेही हातमोजे घालून. वडील बांधावर गेले तर पूर्ण बाह्यांचा शर्ट, आल्या आल्या आंघोळ. मलम तेव्हापासून निम्म्याहून कमी लागतं.

चांदणवेल | गुरुवार, रात्री १०.२५

आमच्याकडे उलटं झालं. इसब समजून दोन्ही मुलांना महिनाभर स्टिरॉइड लावलं, कमीच होईना. रात्री खाज जास्त, बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीभोवती. मग मला सुरू झालं, मग आईला. खरूज होती! मला ऐकूनच लाज वाटली, आमच्या घरात खरूज? डॉक्टर म्हणाले कुणालाही होते, वसतिगृहातल्या भाच्याबरोबर दिवाळीत एका अंथरुणात झोपली होती ना मुलं.

परमेथ्रिनचं पाच टक्क्यांचं क्रीम दिलं. मी शहाणी, फक्त खाजणाऱ्या जागांवर लावलं, आणि फक्त मुलांना. पंधरा दिवसांत परत. दुसऱ्या वेळी नीट केलं. घरातल्या पाचही जणांना, खाज असो-नसो, एकाच रात्री, मानेपासून पायाच्या नखांपर्यंत, नखांखालीही. सकाळी आंघोळ. चादरी, कपडे गरम पाण्यात, जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून आठवडाभर माळ्यावर. सात दिवसांनी पुन्हा एकदा. त्यानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहिली, मी घाबरले, पण ती मेलेल्या किड्यांची ॲलर्जी असते म्हणे, हळूहळू गेली.

कातडीबचाऊ | गुरुवार, रात्री ११.५०

चांदणवेल, लाज सोडून लिहिलंत हे बरं केलंत. घरात दोघांना एकाच वेळी रात्रीची खाज असेल तर इसब म्हणायच्या आधी खरूज आठवावी.

शेवगा | शुक्रवार, सकाळी ९.१०

डॉक्टर, लग्नाच्या सीझनमध्ये माझी बहीण पार्लरमधून आणलेली 'नाईट क्रीम' लावते. महिन्याभरात एकदम उजळ. एक दिवस लावली नाही की चेहरा लालबुंद, आग. हे तेच का?

कातडीबचाऊ | शुक्रवार, दुपारी २.४०

न बघता सांगू नये, पण वर्णन तंतोतंत तेच. लावलं की छान, थांबवलं की आग, म्हणून पुन्हा लावायचं. अशी चेहऱ्याची वाट लागलेले रुग्ण इतके येतात की आमच्या देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं या विषयासाठी वेगळा गट नेमलाय. क्रीमचं खोकं घेऊन डॉक्टरकडे जा, खोकं नसेल तर डबीच घेऊन जा. बंद कशी करायची ते तेच सांगतील, आणि बरं व्हायला काही महिने लागू शकतात हे तिला आधीच सांगा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा त्याच पार्लरमध्ये असेल.

गल्ल्यावरचा | शुक्रवार, रात्री ९.१५

आज एका बाईंना ट्यूब देताना तर्जनी पुढे करून पेर दाखवलं. त्या म्हणाल्या, "एवढं? मग ट्यूब लवकर संपेल की!" मी म्हटलं, संपायलाच दिलीय.

पाठीमागून एक जण ओरडला, शेठ, धंदा वाढवायची आयडिया चांगली आहे.

रानजाई | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९.३०

धागा वर आणतेय. डॉक्टरबाईंकडे परत जाऊन आले, पेराचं विचारलं, त्यांनी तेच सांगितलं. सौम्य मलम, रोज रात्री एक पेर, दहाव्या दिवशी लवणी सपाट. आता फक्त शनिवार-रविवार. मॉइश्चरायझर दिवसातून तीनदा, शाळेत जाताना एकदा. खर्च परवडेना म्हणून बाईंनीच महागडी बाटली बंद करून मोठ्या डब्यातली साधी पांढरी पेट्रोलियम जेली आणि पातळ पॅराफिन सांगितलं. चिकट होतं, चादरी खराब होतात, पण रक्ताचे ठिपके नाहीत. एक रात्र सलग झोपली तेव्हा मीच चारदा उठून बघितलं.

सासऱ्यांची बिडी आता अंगणात. गोष्ट घरात.

सासूबाईंना सारवणाचं उदाहरण एकदम पटलं. आता त्याच आंघोळीनंतर नातीला लिंपायला बसतात, आणि मी कमी घेतलं तर मलाच ओरडतात. लेक स्वतःचं बोट पुढे करून 'माझं पेर, माझं पेर' करते, तिला समजावून थकले. जेलीसाठी चमचा वेगळा काढलाय. परवा तो साखरेच्या डब्यात सापडला, चहा कुणी केला होता ते अजून कुणी कबूल केलेलं नाही.

पावशेर | रविवार, रात्री ९.४४

मुंजीची डबी टाकली. नवीन आणली. चमचा कुठल्या नंबरचा घ्यायचा?